सर्व्हेत भाडं किती लिहायचं? घर जर्सी सिटीत, हिशेब ठाण्यात

प्रकरण 2021 चं आहे, पण परदेशात घर ठेवून ठाण्यात परत आलेली मंडळी हिशेबाला येतात तेव्हा मी अजूनही हेच उदाहरण काढते, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. माणसं घरातलीच, माझा चुलत दादा आणि वहिनी, त्यांना विचारूनच लिहितेय. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, गुंतागुंत मात्र जशी होती तशीच ठेवलीये.

दादा-वहिनी 2019 मध्ये न्यू जर्सीहून कायमचे परत आले, घोडबंदर रोडला राहतात. जर्सी सिटीत त्यांचं टू-फॅमिली घर आहे, म्हणजे एकाच घरात वर एक बिऱ्हाड, खाली एक. पूर्वी खाली हे स्वतः राहायचे आणि वर भाडेकरू, आता दोन्ही भाड्याने दिलंय. तिथलं सगळं एक मॅनेजर बघतो, महिन्याला 300 डॉलर घेतो. त्याने एक पत्र स्कॅन करून पाठवलं, वर अमेरिकन सेन्सस ब्युरोचं, म्हणजे तिथल्या जनगणना खात्याचं नाव, विषय रेंटल हाउसिंग फायनान्स सर्व्हे, आत ऑनलाइन उत्तर भरायला एक कोड, आणि घराचं भाडं, कर्ज, खर्च याची माहिती द्या अशी विनंती.

वहिनी पहिल्याच झटक्यात म्हणाली हे फ्रॉड आहे. तिचं अगदीच चुकीचं नव्हतं. घर न्यू जर्सीत, पत्र सरकारी म्हणतायत, आणि पाकिटावर परतीचा पत्ता इंडियाना राज्यातल्या जेफरसनव्हिलचा! त्यात कर्ज किती उरलंय, हप्ता किती, असले प्रश्न. रोज कुणीतरी केवायसीच्या नावाखाली फसल्याचं कानावर येत असताना माणूस घाबरणारच.

पत्र खरं की खोटं

ह्याला मी वेळ दिला, कारण इथे शंका राहिली तर पुढची उत्तरं कुणी मनापासून देत नाही. जेफरसनव्हिलचा पत्ता हाच खरं तर पत्र खरं असल्याचा एक पुरावा आहे. सेन्सस ब्युरोचं नॅशनल प्रोसेसिंग सेंटर तिथेच आहे, देशभरची सर्व्हेची टपालं तिथूनच निघतात, मुख्य ऑफिस मेरीलँडमध्ये सूटलँडला असलं तरी. वेबसाइटचा पत्ता सेन्सस डॉट जीओव्ही वर संपतो का ते बघायचं, आणि तो लिंकवर क्लिक न करता स्वतः टाइप करायचा. फोन आला तर बोलणाऱ्याचं नाव विचारून ब्युरोच्या साइटवर स्टाफ सर्चमध्ये टाकून बघता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्युरो कधीही सोशल सिक्युरिटी नंबर, बँक खात्याचा नंबर किंवा पैसे मागत नाही. ह्यातलं काही मागितलं तर तिथल्या तिथे फोन ठेवायचा.

हा सर्व्हे ब्युरो करतं ते एचयूडी साठी, म्हणजे तिथल्या गृहनिर्माण खात्यासाठी. सुरुवात 2012 ची, नंतर 2015, 2018, 2021, 2024, दर तीन वर्षांनी. 2012 ला फक्त एकाहून जास्त बिऱ्हाडं असलेल्या इमारती घेतल्या होत्या, 2015 पासून एकाच बिऱ्हाडाची सुटी घरंही आली. त्याआधी रेसिडेन्शियल फायनान्स सर्व्हे नावाचा प्रकार दर दहा वर्षांच्या जनगणनेसोबत व्हायचा, तो 2001 नंतर बंद झाला आणि भाड्याच्या घरांमागे कर्ज किती, खर्च किती, मालक कोण हे सांगणारं काही उरलंच नव्हतं. घरात राहणाऱ्याला विचारून हे कळत नाही हो, भाडेकरूला मालकाचा व्याजदर कुठून माहीत असणार. ते मालकालाच विचारावं लागतं.

भाग घेणं ऐच्छिक होतं. दादा म्हणाला मग सोड ना, कशाला नसती कटकट. वहिनीचा मुद्दा वेगळा, ही माहिती आयआरएसला, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याला, गेली तर? आणि तिथून आपल्या इन्कम टॅक्सला? तिला मी कायदाच दाखवला. तिथला टायटल 13 म्हणून जो कायदा आहे त्याखाली एका एका घराची माहिती कुणालाही देता येत नाही, टॅक्स खात्यालाही नाही, फोडली तर कर्मचाऱ्याला 5 वर्षांपर्यंत कैद किंवा अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि मुळात आपलं भाडं रिटर्नमध्ये दाखवलेलंच आहे, लपवण्यासारखं काही नाही, मग भीती कशाची. ह्यावर ती शांत झाली.

दादाला पटवायला मात्र वेगळी गोष्ट लागली. 2018 च्या ह्याच सर्व्हेतून कळलं होतं की अमेरिकेतल्या जवळपास 2 कोटी भाड्याच्या प्रॉपर्टींपैकी 1 कोटी 43 लाख, म्हणजे सुमारे 72 टक्के, साध्या व्यक्तींच्या मालकीच्या आहेत, कंपन्यांच्या नाहीत. बिऱ्हाडं मोजली तर मात्र व्यक्तींकडे 41 टक्केच येतात, कारण मोठमोठ्या इमारती कंपन्यांकडे. मी त्याला म्हटलं, दादा, मोठ्या कंपनीकडे अकाउंट्सचं डिपार्टमेंट असतं, ते फॉर्म भरतीलच. तुझ्यासारखे दोन बिऱ्हाडवाले गप्प बसले तर 2020 मध्ये त्यांचं काय झालं हे सरकारला कोण सांगणार? आणि 2020 मध्ये ह्यांच्याकडे बरंच काही झालं होतं. "बरं, बस मग, भरू आपण," म्हणाला.

खरा गोंधळ: भाडं नक्की किती मिळालं

प्रश्न 2020 सालातल्या भाड्याच्या उत्पन्नाचा होता. खालच्या मजल्याचं सरळ, महिना 2,100, वर्षाचे 25,200, सगळे वेळेवर आले. वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं, महिना 2,400. नवरा रेस्टॉरंटमध्ये कामाला, मार्च 2020 मध्ये रेस्टॉरंट बंद, नोकरी गेली. जानेवारी ते मार्च पूर्ण भाडं आलं, 7,200. एप्रिलपासून खडखडाट.

आता इथे न्यू जर्सीचा एक नियम समजून घ्यायला हवा. तिथे डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेताच येत नाही, म्हणजे ह्यांच्याकडे 3,600 होते. (ठाण्यात तीन तीन महिन्यांचं, कधी हेवी डिपॉझिट घेणाऱ्यांना हे वाचून आश्चर्य वाटेल.) एप्रिल 2020 च्या अखेरीस तिथल्या गव्हर्नरने एक्झिक्युटिव्ह ऑर्डर 128 काढली, भाडेकरूने लेखी कळवलं तर डिपॉझिट भाड्यात वळतं करायचं, मालकाने नाही म्हणायचं नाही. त्या जोडप्याने तसं पत्र दिलं. 3,600 मध्ये एप्रिल पूर्ण आणि मे अर्धा भागला. मेचे उरलेले 1,200 आणि जूनचे 2,400 थकले, म्हणजे थकबाकी पण 3,600 च. भाडेकरूला बाहेर काढायला त्या काळात बंदी होती, आणि दादाला तसं करायचंही नव्हतं. जुलैपासून त्याने भाडं 2,000 केलं, वर्षअखेरपर्यंत, ते सहाही महिने आले, 12,000.

तर मग रकान्यात काय लिहायचं? तिघांची तीन मतं. दादा म्हणे 54,000 लिही, कारण करारात भाडं तेवढंच आहे, 2,100 आणि 2,400 गुणिले 12. वहिनी म्हणे हातात रोख आलेलेच लिहा, 25,200 अधिक 7,200 अधिक 12,000, म्हणजे 44,400, डिपॉझिट तर आपण जवळचंच वापरलं, नवीन पैसे कुठे आले, आणि नुकसान झालंय तर ते पूर्ण दिसू दे. मॅनेजरच्या स्टेटमेंटमध्ये तिसराच आकडा, कारण त्याने डिपॉझिटचं एक वेगळंच खातं दाखवलं होतं.

माझं म्हणणं 48,000. करारातलं भाडं म्हणजे मिळालेलं भाडं नाही, त्यामुळे 54,000 बाद. पण डिपॉझिट जोवर परत करायचं असतं तोवर ते दुसऱ्याचं, ज्या दिवशी ते भाड्यात वळतं झालं त्या दिवशी ते मालकाचं उत्पन्न झालं. टॅक्सलाही हाच नियम, परत न करता भाड्यापोटी ठेवलेलं डिपॉझिट त्या वर्षीचं उत्पन्न. म्हणून 44,400 अधिक 3,600. करार आणि प्रत्यक्ष ह्यातला फरक 6,000, त्यात 3,600 थकबाकी आणि 2,400 सोडून दिलेलं भाडं, हे दोन आकडे मी वेगळे ठेवले कारण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, एक येणं बाकी आहे, दुसरं मालकाने स्वतः सोडलंय. 2021 च्या फेरीत कोविडचे प्रश्न मुद्दाम घातले होते, भाडं थकलं का, सवलत दिली का वगैरे. वहिनीला हवं होतं ते नुकसान दिसायची जागा ती होती, त्यासाठी उत्पन्नाचा आकडा वाकवायची गरज नव्हती.

पुढे 2021 मध्ये भाडेकरूला राज्याच्या मदत योजनेतून पैसे मंजूर झाले (तिथल्या केंद्र सरकारने त्यासाठी डिसेंबर 2020 मध्ये 25 अब्ज डॉलर काढले होते) आणि थकलेले 3,600 दादाला मिळाले. ते मिळाल्यावर दादा म्हणाला आता थकबाकी शून्य लिहूया ना. नाही. वर्ष 2020 विचारलंय, पैसे 2021 मध्ये आले. चांगली बातमी असली तरी ती त्या वर्षाची नव्हे.

हप्ता, टॅक्स आणि बॉयलर

कर्जाचा हप्ता बँकेला महिना 2,650 जातो. दादा म्हणाला लिही वर्षाचे 31,800. आणि खाली खर्चात प्रॉपर्टी टॅक्स 9,600, इन्शुरन्स 1,200. मी थांबवलं त्याला, कारण तिथल्या बऱ्याच कर्जांसारखं ह्यांचंही एस्क्रो खातं आहे, म्हणजे टॅक्स आणि इन्शुरन्सचे पैसे बँकच हप्त्यासोबत घेते आणि परस्पर भरते. 2,650 मध्ये मुद्दल-व्याजाचे 1,750, बाकी 900 एस्क्रोचे. दोन्हीकडे लिहिलं असतं तर वर्षाचे 10,800 डॉलर दोनदा मोजले गेले असते! बँकेच्या वर्षअखेरच्या स्टेटमेंटवर एस्क्रोतून काय भरलं ते छापलेलं असतं, तेवढं काढून बाजूला ठेवलं की प्रश्न मिटतो. हप्ता सांगताना त्यात टॅक्स-इन्शुरन्स धरलाय की नाही एवढं स्पष्ट ठेवायचं.

मला वाटतं छोट्या मालकांकडून सगळ्यात जास्त गडबड इथेच होत असणार. आणि ती साधी नाही, न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्स अमेरिकेत सगळ्यात जड, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असा तिमाही भरायचा, तोच दोनदा धरला तर छोट्या मालकाला घर परवडतच नाही असं खोटं चित्र उभं राहतं.

बॉयलरची गोष्ट उलटी. नोव्हेंबर 2020 मध्ये गरम पाण्याचा आणि हीटिंगचा जुना बॉयलर गेला, नवीन बसवायला 6,800 लागले. दादाने टॅक्स रिटर्नचं शेड्यूल ई, म्हणजे भाड्याचं उत्पन्न आणि खर्च दाखवायचं पान, समोर धरून सगळं त्यावरून भरायला घेतलं होतं, आणि शेड्यूल ई वर बॉयलर जवळपास दिसतच नाही. कारण टॅक्समध्ये तो एका वर्षाचा खर्च धरत नाहीत, भाड्याच्या घराचा घसारा साडेसत्तावीस वर्षांत विभागतात, नोव्हेंबरमध्ये बसवला म्हणून त्या वर्षी वाट्याला आले फक्त 31 डॉलर. एवढ्या थंडीत हातातले 6,800 गेले आणि कागदावर 31! सर्व्हेला मात्र घरावर खरोखर काय खर्च झाला ते हवं असतं, मोठी सुधारणा वेगळ्या ठिकाणी पूर्ण रकमेने. प्लंबरचे 950 हे रोजची दुरुस्ती, ते चालू खर्चात. आणि घसारा चालू खर्चात अजिबात नाही, तो खिशातून जात नाही.

म्हणजे शेड्यूल ई सोबत ठेवा, आकडे शोधायला सोपं जातं, पण ते उतरवून काढू नका. टॅक्सचा फॉर्म आणि सर्व्हेचा फॉर्म वेगवेगळं काहीतरी विचारतायत.

घराची आजची किंमत किती असाही प्रश्न होता. त्यासाठी मॅनेजरला सांगितलं की त्याच रस्त्यावरची तसलीच घरं नुकतीच कितीला गेली ते बघून अंदाज दे, आणि तो अंदाज म्हणूनच लिहिला. दादाच्या मनातली किंमत बरीच वर होती.

मॅनेजरने भरायचं की मालकाने हेही एकदा निघालं. मॅनेजरला भाडं आणि दुरुस्ती माहीत, कर्ज नाही. शेवटी त्याच्याकडून वर्षाचं खर्चाचं पान मागवलं, त्यात त्याची फी 3,600, पाणी 1,400 असं सुटं सुटं लिहून घेतलं, आणि उत्तरं दादाने भरली. नंतर एक माहिती पक्की करायला मॅनेजरला ब्युरोच्या एका बाईंचा फोन आला होता, त्याने आधी त्यांचं नाव तपासलं, मग दादाशी जोडून दिलं. वेळेचा फरक हिवाळ्यात साडेदहा तासांचा, त्यामुळे इथे रात्री जेवणं झाल्यावर बोलणं झालं. वहिनी शेजारी फाइल घेऊन बसली होती, आणि त्या बाईंनी वरच्या मजल्याबद्दल विचारल्यावर तिनेच 3,600 आणि 2,400 वेगळे करून सांगितले.

ठाण्यात कुणी असंच दारात आलं तर

हे लिहिण्याचं खरं कारण इथलं आहे. आपल्याकडेही एनएसओची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची, माणसं घराघरात येतात, 2018 च्या जुलै ते डिसेंबरमध्ये घरांच्या स्थितीवरचा 76 वा राउंड झाला, 2019 मध्ये कर्ज आणि गुंतवणुकीचा सर्व्हे झाला. महागाईच्या निर्देशांकासाठी तर भाडं नियमित विचारलं जातं. 2012 पायाभूत वर्षाच्या मालिकेत शहरी निर्देशांकात घराचं वजन 21.67 टक्के होतं, म्हणजे शहरातल्या महागाईचा पाचवा हिस्सा घरभाड्यावर ठरायचा! 2017 च्या जुलैत केंद्रीय कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता वाढला तर बाजारातलं भाडं तसं न वाढताही निर्देशांक वर गेला, कारण सरकारी क्वार्टर्सचं भाडं त्या भत्त्यावरून धरलं जायचं, आणि रिझर्व्ह बँकेला त्याचा परिणाम वेगळा काढून बघावा लागला. भाड्याचा एक आकडा कसा धरला जातो त्यावर व्याजदरापर्यंतची चर्चा हलते, एवढं हे महत्त्वाचं आहे.

आणि आपण काय करतो? वॉचमन गेटवरच परत पाठवतो. आत आलेच तर मालक रजिस्टर केलेल्या लीव्ह अँड लायसन्सवरचा आकडा सांगतो, प्रत्यक्षात वर रोख घेत असला तरी. भाडेकरू मालकाच्या भीतीने तोच आकडा सांगतो. मग पगारवाल्याला ठाण्यात राहणं किती महाग झालंय हे कुठल्याच कागदावर येत नाही, आणि तक्रार मात्र सगळ्यांची असते. मला हे मनापासून खटकतं.

आमच्या ओळखीतल्या वर्तकनगरच्या एका सोसायटीत सेक्रेटरी काकांनी चांगली पद्धत घातलीये. सर्व्हेवाल्याचं ओळखपत्र आणि ऑफिसचं पत्र बघायचं, गरज वाटली तर ऑफिसला फोन करून खात्री करायची, मग स्वतः सोबत जाऊन दार वाजवायचं. ओटीपी, आधारचा फोटो, खात्याचा नंबर द्यायचा नाही हे आधी सांगून ठेवायचं. 2008 चा सांख्यिकी संकलनाचा कायदा आपल्याकडेही आहे, दिलेली माहिती आकडेवारीसाठीच वापरायची असं त्यात आहे, हे काका प्रत्येकाला सांगतात. तिथे लोक बोलतात मग, चहाही विचारतात.

दादाकडची पुढची सोय अशी केली. मॅनेजरच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये आता मिळालेलं भाडं, थकलेलं भाडं आणि सोडलेलं भाडं असे तीन वेगळे रकाने आहेत. चालू दुरुस्ती आणि मोठी कामं वेगळी लिहिली जातात. डिपॉझिटचं खातं वेगळं, आणि त्यातून काही वळतं झालं तर तारखेसकट नोंद. एस्क्रोचा वर्षाचा कागद जानेवारीत बँकेकडून आला की वहिनी तोच आधी फाइलला लावते. तो सर्व्हे नमुना पद्धतीने होतो, त्यांचं घर पुन्हा निवडलं जाईलच असं नाही, पण घर विकायचं का ठेवायचं ही चर्चा मागच्या वर्षी निघाली तेव्हा दोघांनी ह्याच रकान्यांवर बोट ठेवून ठरवलं, अजून ठेवूया म्हणून.